घरचा वाचक

कादंबरी लिहिणाऱ्या माणसास कोणाची भीति वाटते, असा प्रश्न एखाद्या साहित्यसभेंत विचारला, तर टीकाकाराची, प्रकाशकाची, क्वचित् सरकारची, अशीं उत्तरें मिळतील. तीं खोटीं नसतात. पण पुरतीं खरींही नसतात. टीकाकार पुस्तक न वाचतांही टीका लिहूं शकतो, हें सर्वांस ठाऊक असल्यामुळें त्याचें भय एका मर्यादेपलीकडे जात नाहीं. प्रकाशकाला पानांची संख्या कळली कीं त्याचें पुष्कळसें समाधान होतें. खरी धडकी भरविणारा वाचक घरांतच असतो. तो चष्मा पुसतो, खिडकीजवळ उजेडाला बसतो, पहिल्या पानावरील किंमतीपासून वाचावयास आरंभ करतो आणि बोट जिभेला लावून एकेक पान उलटतो. कादंबरी लिहिणारी बाई असेल तर हा वाचक म्हणजे बहुधा तिची आई.

या भीतीविषयीं सामान्यतः जें बोललें जातें तें आम्हांस अपुरें वाटतें. लोक असें समजतात कीं, आईच्या डोळ्यांना मुलगी अजून परकऱ्या पोरीएवढीच दिसते. तिनें शृंगाराचें एखादें प्रकरण लिहिलें किंवा नवऱ्याचें घर सोडून जाणारी नायिका रंगविली, तर आई काय म्हणेल, या संकोचानें ती पुस्तक लपविते. असा संकोच असतो, नाहीं असें नाहीं. परंतु ज्या बाईनें चार बाळंतपणें, दोन नापिकीचीं वर्षें आणि एक एकत्र कुटुंब निभावून नेलें, तिला कादंबरींतल्या आलिंगनानें घेरी येईल, ही समजूत मुलींची आहे, आयांची नव्हे. भीतीचें मूळ निराळें आहे. इतर वाचकांना गोधडी दिसते. आईला तिच्यांतला एकेक तुकडा कोणाच्या लुगड्याचा आहे तें दिसतें. टीकाकार म्हणेल, रंगसंगति साधली आहे. आई म्हणेल, हा पदर माझा.

ही भीति फार जुनीही नाहीं. आईनें वाचण्याचें भय वाटावयास आधीं आईला वाचतां यावें लागतें. आमच्याच वऱ्हाडांतल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें जळजळीत पुस्तक प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्या बरोबरीच्या किती बायकांना तें वाचतां आलें असेल, याचा विचार करावा. रमाबाई रानड्यांच्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० सालीं बाहेर पडल्या. आपण शिकूं लागलों तेव्हां घरांतल्याच बायकांचा केवढा विरोध झाला, तें त्यांत त्यांनीं सांगितलें आहे. म्हणजे तेव्हां वाचणारी तरुण स्त्री वडीलधाऱ्या स्त्रीला भीत होती, कारण ती वडीलधारी स्त्री वाचत नव्हती. आज लिहिणारी स्त्री वडीलधाऱ्या स्त्रीला भिते, कारण ती वाचते. या दोन भयांच्या मधल्या काळांत महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाचा सगळा इतिहास येऊन जातो: १८४८ सालची पुण्यांतील जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा, १८९६ सालचा कर्व्यांचा आश्रम, १९१६ सालचें महिला विद्यापीठ. आईच्या हातांत आपलें पुस्तक पाहून आमच्या पोटांत गोळा येतो, तो या इतिहासाच्या कृपेनें.

आईनें वाचणें ही गोष्ट दरवेळीं गंभीरच असते असें मात्र नाहीं. जेन ऑस्टिन या इंग्रज कादंबरीकर्त्रीचें उदाहरण मौजेचें आहे. १८१३ च्या जानेवारींत तिची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी निघाली, तेव्हां पुस्तकावर तिचें नांव नव्हतें. चॉटन या गांवीं तिच्या घरीं प्रत आली आणि मिस बेन नांवाच्या शेजारणीस ती मोठ्यानें वाचून दाखविण्यांत आली. लेखिका याच खोलींत बसली आहे, हें त्या शेजारणीस कोणीं सांगितलें नव्हतें. दुसऱ्या संध्याकाळीं वाचन तितकेंसें रंगलें नाहीं. आई फार भरभर वाचत सुटते, हें त्याचें एक कारण, अशी तक्रार जेननें बहिणीला लिहिलेल्या पत्रांत केली आहे. येथें भिंत घराबाहेर आहे. आई आंतल्या गोटांत आहे. नांव लपवावयाचें तें जगापासून. आईपासून लपवावयास कांहीं नाहीं. तिनें स्वल्पविरामापाशीं थांबावें, एवढीच काय ती मुलीची अपेक्षा. असें भाग्य सर्वांच्या वाट्याला येत नाहीं.

आमच्या मराठींत याहून बिकट उदाहरण १९३३ सालचें आहे. त्या वर्षी ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि त्यावर विभावरी शिरूरकर हें नांव होतें. विभावरी म्हणजे रात्र. त्या रात्रीच्या आड कोण आहे, स्त्री कीं पुरुष, याची चर्चा महाराष्ट्रांत घरोघर झाली. कथा शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या होत्या. मुलीच्या पगारावर घर चालतें म्हणून तिच्या लग्नाचा विषय न काढणारीं आईबापें त्यांत होतीं, आणि तीं कोणा परक्या देशांतलीं नव्हतीं. पुण्यामुंबईच्या कोणत्याही आळींत राहणारीं होतीं. पुढच्याच वर्षीं ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी आली आणि गदारोळ वाढला. विभावरी म्हणजे बाळूताई खरे, कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेल्या एका शिक्षकाच्या कन्या, हें मागाहून उघड झालें. १९३८ सालीं त्यांचें लग्न विश्राम बेडेकर यांच्याशीं झालें, आणि मालतीबाई बेडेकर या नांवानें त्या ओळखल्या जाऊं लागल्या. हे विश्रामराव जन्मानें अमरावतीचे, त्यामुळें आम्हां वऱ्हाडकरांना या घराविषयीं थोडी आपलेपणाची भावना वाटते.

बाळूताईंनीं नांव लपविलें यांत भित्रेपणा शोधणारे लोक तेव्हां होते, आजही सांपडतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या समाजाविषयीं लिहावयाचें तोच समाज नोकरी देणारा, तोच भाड्यानें खोली देणारा, तोच घरच्यांना रस्त्यांत गांठून जाब विचारणारा असतो, त्या वेळीं टोपणनांव हें दुबळ्याचें छत्र असतें. तें उघडल्यावांचून पावसांत चालतां येत नाहीं. यानंतर तीनच वर्षांनीं, १९३६ सालीं, वाशीमला जन्मलेल्या गीता साने यांची ‘निखळलेली हिरकणी’ त्यांच्या स्वतःच्या नांवानें आली, ही गोष्टही सांगितली पाहिजे. कोणी छत्र घेऊन चालतें, कोणी भिजत जातें; रस्ता एकच.

परंतु टोपणनांवाचा उपयोग अनोळखी वाचकापुरताच असतो. मुखपृष्ठावर कोणतेंही नांव घाला, ज्या माणसाच्या चुलीपाशीं बसून तुम्हीं गोष्ट उचलली तें माणूस दुसऱ्या ओळीला तुम्हांस ओळखतें. ही गोष्ट आम्हांस चिखलदऱ्यासारखी दुसरीकडे कोठें इतकी स्पष्ट कळली नसती, म्हणून आतां तेथें जावयास हवें.

परतवाड्याहून घाट चढून वर गेलें कीं गाविलगडच्या डोंगरांत, समुद्रसपाटीपासून सुमारें अकराशें मीटर उंचीवर, चिखलदरा लागतें. उन्हाळ्यांत तेथें अमरावती-अकोल्याचीं माणसें थंडाव्याला येतात. पावसाळ्यांत धुकें येतें. धुकें असें कीं अंगणांतलें कॉफीचें झाड दिसेनासें होतें आणि खालच्या दरींतून वाहणाऱ्या पाण्याचा केवळ आवाज शिल्लक राहतो. गांवाच्या नांवाची कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. अज्ञातवासांत पांडव विराटाच्या घरीं होते, कीचकानें द्रौपदीवर वाईट नजर टाकली, भीमानें त्याला मारून या दरींत फेकलें. म्हणून कीचकदरा, आणि त्याचें चिखलदरा. भीमानें हात धुतले तें भीमकुंडही दाखवितात. इतिहासाच्या दृष्टीनें या व्युत्पत्तीचें वजन किती, हा प्रश्न बाजूला ठेवूं. आमचें लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे जातें. ही सगळी कथा टोपणनांवांची आहे. त्या वाड्यांत धर्मराज कंक झाला, भीम बल्लव झाला, अर्जुन बृहन्नडा झाला आणि द्रौपदी सैरंध्री, म्हणजे राणीची वेणीफणी करणारी दासी झाली. नांवें बदलून पुरुष निभावले. नांव बदलल्यानें दासीचें मात्र रक्षण झालें नाहीं. उलट दासी म्हणूनच तिच्यावर हात टाकावयास कीचक धजला. घरकामाच्या बाईवर येणारा प्रसंग राणीवर येत नाहीं, एवढें या कथेनें स्वच्छ सांगितलें आहे.

पावसाळ्याचे दोन महिने आम्ही चिखलदऱ्यास लिहावयास जातों. गेल्या पावसाळ्यांत आईही बरोबर होती. तिनें ऐंशी ओलांडली आहे. डोळ्यांचें ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक अक्षर पुन्हां दिसूं लागलें आहे, आणि दृष्टि परत आलेलें माणूस वाचनाच्या बाबतींत किती अधाशी होतें तें पाहिल्यावांचून कळावयाचें नाहीं. बरोबर आणलेली पोथी तिची चार दिवसांत झाली. घरांतले जुने मासिकांचे अंक झाले. औषधाच्या बाटलीवरचा कागदही झाला. मग एका सकाळीं ती म्हणाली, “आता तुह्यं काय हाये ते काढ.”

आमचें जें होतें तें एका कापडी पिशवींत होतें. तीन वर्षें लिहिलेली कादंबरी पुरी झाली होती आणि प्रकाशकाकडे जावयाची होती. ती एका वऱ्हाडी वाड्यांत घडते. तिच्यांत एक आई आहे. मुलीच्या कॉलेजच्या व वसतिगृहाच्या खर्चाला घरांतून कोणी पैसे देणार नाहीं हें पाहून ती माहेरच्या पाटल्या गुपचूप मोडते, आणि घरांत सांगते कीं त्या हरवल्या. कोणी कोणावर उघड आळ घेत नाहीं. पण आठ दिवसांनीं धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला सासू दारांतूनच सांगते, उद्यांपासून येऊं नको. आई स्वयंपाकघरांत असते. तिला तें ऐकूं येतें. ती बाहेर येत नाहीं.

ही गोष्ट आम्हीं रचलेली नाहीं. त्या वेळीं आम्ही सोळा वर्षांच्या होतों आणि आजीच्या मागें दारांत उभ्या होतों. बाई कांहीं बोलली नाहीं. तिनें पदराला हात पुसले आणि ती गेली, एवढेंच आम्हीं पाहिलें, आणि त्याचा अर्थ तेव्हां आम्हांस कळला नाहीं. पुढें लग्नानंतर माहेरीं गेलों असतां आईची जुनी ट्रंक आवरतांना सराफाची चिठ्ठी हातीं लागली. तिच्यावरची तारीख आमच्या फीच्या दोन दिवस आधींची होती. चिठ्ठी आम्हीं होती तेथें ठेवून दिली. आम्हांस हें ठाऊक आहे, हें आईला ठाऊक नव्हतें. ज्या शिक्षणाच्या बळावर आम्ही चार ओळी लिहूं लागलों तें शिक्षण त्या पाटल्यांचें, आणि त्या पाटल्यांची खरी किंमत सराफाच्या चिठ्ठीवर लिहिलेली नव्हती.

आतां वाचकांनीं आमच्या भीतीचा विचार करावा. आईची निंदा आम्हीं कोठें केली नव्हती. प्रेमप्रकरण असें म्हणावें तर कादंबरींत फारसें नव्हतें. जें होतें तें असें कीं, तिच्या आयुष्यांतलें सर्वांत मोठें धैर्य आणि सर्वांत मोठी भित्री गप्प ही एकाच आठवड्यांत घडलेली होतीं, आणि दोन्ही आम्हीं तिला न विचारतां उचललीं होतीं. पहिलीबद्दल ती अभिमानानें बोलली असती. दुसरीबद्दल ती इतकीं वर्षें बोलली नव्हती.

आम्हीं पिशवी पुढें केली. चार दिवस तिनें वाचलें. पहिल्या दिवशीं दुपारीं मान वर करून म्हणाली, “आपलं सैपाकघर त उगवतीकडे होतं. तुनं मावळतीकडे काहून नेलं?” आम्हीं सांगितलें कीं हें आपलें घर नव्हे. तिनें चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलें आणि पुढें वाचूं लागली. दुसऱ्या दिवशीं सासूच्या तोंडचीं बोलणीं वाचून ती दोनदां मोठ्यानें हंसली. तिसऱ्या दिवशीं ती कांहींच बोलली नाहीं. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाहीं, तेव्हां आम्ही ओळखलें कीं ती त्या दारापाशीं पोहोंचली आहे. बाहेर धुकें होतें. आम्हीं उत्तरें तयार केलीं होतीं: ही सगळी कल्पना आहे, वाचकांना ती आई फार थोर वाटेल, नांवें बदललीं आहेत. त्यांतलें एकही उत्तर कामाचें नाहीं हें तें तयार करतांनाच कळत होतें.

चवथ्या दिवशीं सायंकाळीं तिनें शेवटचें पान मिटलें, कागद मांडीवर सारखे केले आणि सुतळी बांधली. बऱ्याच वेळानें ती बोलली. “एकदा तिच्या दारापावतर गेली होती मी. वापस आली.” मग पुन्हां गप्प राहून म्हणाली, “तिची नात शायेत मास्तरीन हाये. छापाच्या पयले तिले वाचाले दे.” एवढें बोलून ती चहा टाकावयास उठली. रागावली नाहीं, रडली नाहीं, आशीर्वादही दिला नाहीं. छापूं नको असेंही म्हणाली नाहीं.

हा प्रसंग येथें लिहिण्यास तिची संमति आहे. आणि त्या नातीचीही आहे, मात्र गांव सांगूं नये या अटीवर. कादंबरीविषयीं नातीनें आम्हांस कळविलें आहे कीं तिची आजी हयात आहे, तिला वाचतां येत नाहीं, रोज रात्रीं थोडें थोडें वाचून दाखवीन आणि मग काय तें लिहीन. हा मजकूर छापावयास देईपर्यंत तिचें पत्र आलेलें नाहीं. प्रकाशकाला आम्हीं थांबावयास सांगितलें आहे.

आईच्या त्या एका वाक्यानें आमच्या मनांतल्या प्रश्नाची दिशाच बदलली. आपण लहान आहों आणि ती मोठी आहे म्हणून आपल्याला भीति वाटते, असा आमचा समज होता. लेखणी ज्याच्या हातांत तो मोठा. मुलगी लिहावयास बसली कीं त्या खोलींत आई धाकटी होते. तिचें बोलणें कोठें तोडावयाचें, तिला दारांत किती वेळ उभें ठेवावयाचें, तिला क्षमा करावयाची कीं नाहीं, हें सर्व मुलगी ठरविते. आणि आईच्याही पलीकडे, तिच्याहून धाकटी, ती हात पुसून गेलेली बाई असते. आईला स्वतःची भीति वाटली असेल. पण आमच्या कागदांत तिनें आधीं त्या दुसऱ्या बाईकडे पाहिलें. वाचणारी आई आम्हांला भिवविते असें आम्ही म्हणत होतों. खरें भय हें होतें कीं, ज्यांच्याविषयीं आपण लिहितों त्यांच्यापैकीं निदान एका माणसाला वाचतां येतें.

लेखकांची जुनी सुरक्षितता या एकाच गोष्टीवर उभी होती. शेतकऱ्याविषयीं, मोलकरणीविषयीं, डोंगरांतल्या माणसाविषयीं पानेंच्या पानें लिहावीं. तीं त्यांच्यापर्यंत जावयाचीं नाहींत. येथें मालतीबाई बेडेकर पुन्हां आठवतात. १९३३ सालीं समाजाच्या भयानें नांव झांकणाऱ्या याच लेखिकेनें पुढें सोलापूरच्या सेटलमेंटमध्यें अधिकारपदावर काम केलें. १८७१ सालच्या कायद्यानें ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविलें होतें त्यांना तेथें तारेच्या कुंपणांत ठेवीत. त्या अनुभवांतून त्यांची ‘बळी’ ही कादंबरी १९५० सालीं आली. तो कायदा १९५२ सालीं गेला. ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहितांना लेखिका दुबळी होती आणि तिचे वाचक बलवान होते. ‘बळी’ लिहितांना ती कुंपणाच्या बाहेरची होती आणि जिच्याविषयीं लिहिलें ती माणसें आंतलीं. पहिल्या पुस्तकाला जें धैर्य लागलें त्याहून दुसऱ्याला लागणारें धैर्य निराळ्या जातीचें. पहिल्यांत बलवानाला ऐकवावयाचें होतें. दुसऱ्यांत दुबळ्याच्या वतीनें बोलतांना त्याच्या तोंडीं आपलें बोलणें घालावयाचें नव्हतें. १९५३ सालीं त्यांनीं ‘खरेमास्तर’ लिहिलें, आपल्या वडिलांच्या चरित्रावर. आडनांव लपवून लिहूं लागलेल्या कन्येनें तेंच आडनांव पुस्तकाच्या मुखपृष्ठावर शीर्षक म्हणून घातलें. वीस वर्षांत एका लेखिकेनें केलेला हा प्रवास आम्हांस कोणत्याही वाङ्मयीन सिद्धान्ताहून अधिक शिकवून जातो.

चिखलदऱ्याच्या आसपासच्या मेळघाटांत कोरकू लोक राहतात. त्यांची भाषा मराठीच्या कुळांतली नाहीं, हिंदीच्याही नाहीं. दूर पूर्वेकडच्या मुंडारी-संताळीची ती नातलग. त्यांच्याविषयीं इंग्रज अधिकाऱ्यांनीं लिहिलें, प्रवाशांनीं लिहिलें. १९९० नंतरच्या दशकांत बालमृत्यूंच्या बातम्यांनीं वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्यांत सद्हेतु पुष्कळ होता. परंतु लिहिणाऱ्याच्या मनांत बहुधा असें कधीं आलें नसेल कीं हा मजकूर त्या पाड्यावरचें कोणी वाचील आणि म्हणेल, आमची चूल उगवतीकडे आहे, तुम्हीं मावळतीकडे काहून नेली? आज कोरकू मुलेंमुली मराठी शाळांत शिकतात. त्यांच्यांतून शिक्षक होतात. त्यांच्यावर लिहिलेलें तीं वाचूं लागलीं आहेत. चिखलदऱ्याजवळ पंचबोल नांवाची जागा आहे. तेथें हांक मारली कीं प्रतिध्वनि पांच वेळां येतो असें सांगतात. मराठी लेखकानें आतां एवढें गृहीत धरावें कीं त्यानें मारलेली हांक परत येणार, आणि परत येतांना ती त्याच्याच आवाजांत येईल असें नाहीं.

यावर कोणी विचारील, मग लिहावयाचें कसें? प्रत्येक पात्राच्या घरीं जाऊन परवानगी मागत बसलें तर एकही कादंबरी पुरी व्हावयाची नाहीं, आणि जे खरोखर दोषी आहेत ते तर कधींच होकार देणार नाहींत. आक्षेप बरोबर आहे. हुंडा घेणाऱ्याची, मुलीच्या पगारावर बसून खाणाऱ्याची, कीचकाची संमति मागण्याचें कारण नाहीं. त्यांच्यापासून स्वतःचें नांव लपवावें लागलें तर तें खुशाल लपवावें. पण ज्याच्या दुःखावर आपलें पान उभें आहे, आणि ज्याच्यापेक्षां आपण त्या घटकेला बलवान आहों, त्याच्यापुढें तें पान वाचून दाखवितां येईल अशा रीतीनें लिहावें. त्यानें ‘होय’ म्हणावें हें बंधन नाहीं. त्याला ऐकवावयाची आपली तयारी असावी, एवढें बंधन पुरे आहे. मिस बेनपुढें कादंबरी मोठ्यानें वाचली गेली तेव्हां लेखिकेला फक्त वाचनाच्या गतीची काळजी होती. कुठल्याशा गांवांत आज रात्रीं एक मास्तरीण आपल्या आजीपुढें आमचीं पानें वाचीत असेल. ती भरभर वाचील कीं सावकाश, हें तिनें ठरवावें. ऐकणाऱ्या बाईनें मध्येंच थांबवून ‘असं नव्हतं झालं’ म्हणावें, हा तिचा हक्क आहे, आणि तो हक्क आमच्या कोणत्याही परिच्छेदाहून मोठा आहे.

आईची भीति बाळगणाऱ्या तरुण लेखिकांना आम्ही इतकेंच सांगूं इच्छितों कीं, ती भीति घालविण्याची खटपट करूं नये. ती जपावी. पुस्तक लपवूं नये आणि बोथटही करूं नये. फक्त लिहितांना असें समजावें कीं खिडकीपाशीं एक म्हातारी बाई चष्मा पुसत बसली आहे, आणि तिच्यामागें, पदराला हात पुसत, दुसरी उभी आहे. पहिलीला वाचतां येतें. दुसरीच्या नातीला येतें.